पोहे छान झालेत, पण चमचा काय म्हणतो?

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्यांच्या तोंडी एक आकडा हमखास असतो: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेले ९३ टक्के आवाज आणि देहबोली. इंदुरात भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या मुलामुलींनाही तो पाठ असतो. हे खरं असतं तर तमिळ सिनेमा आपल्याला उपशीर्षकांशिवाय समजला असता. मुळात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांची ही बेरीज आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, इतकीच त्या आकड्यांची धाव. व्याख्यानाला किंवा मुलाखतीला ते लावू नयेत, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलं आहे.

ही विसंगती मात्र खरोखर बघण्यासारखी असते. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या घरी सकाळी पाहुणे आलेत. पोह्यांवर शेव, जीरावन मसाला, बाजूला जिलबी. पाहुणे म्हणतात, “काकू, पोहे फारच छान झालेत.” काकू “अहो, घाईघाईत केलेत” म्हणतात आणि बघतात बशीकडे. चमचा किती भरभर तोंडाशी जातोय? वरची शेव तेवढी वेचली जातेय का? “थोडे घ्या” म्हटल्यावर नको म्हणणारा हात बशीवर आडवा येतो तो वाढण्याआधी, की पोहे पडून गेल्यावर?

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९४९ ते १९५१ च्या दरम्यान स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर राहून हेच टिपलं. तिथली शेतकरीण पाहुण्याची स्तुती हसून ऐकायची आणि त्याचा काटा-चमचा किती उत्साहाने उचलला जातोय त्यावरून स्तुती पडताळायची. माणूस दोन प्रकारच्या खुणा करतो, असं गॉफमन म्हणतात: तो देतो त्या, आणि त्याच्याकडून निसटतात त्या. पहिल्यांवर त्याचा ताबा असतो, म्हणूनच बघणारा दुसऱ्यांवर भरवसा ठेवतो. धूर्त पाहुणा मग मुद्दाम भरभर खाईल. पण या खेळात सहसा बघणाराच वरचढ ठरतो.

कारण निसटणारी खूण अडवणं शरीराला जड जातं. हसू घ्या. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू गालाच्या हाडापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तो कुणालाही हुकमी हलवता येतो. डोळ्याभोवती दुसरा, कड्यासारखा स्नायू असतो. त्याचा बाहेरचा भाग आवळला की गाल वर येतात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांशी सुरकुत्या पडतात. हा फरक फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन अभ्यासला आणि १८६२ मध्ये मांडला. दोन्ही स्नायूंना आज्ञा पोचते चेहऱ्याच्या नसेतून, म्हणजे सातव्या मस्तिष्क-चेतातंतूतूनच, पण त्या आज्ञेचा उगम दोन ठिकाणी असू शकतो. ठरवून हसताना ती मेंदूच्या पृष्ठभागावरच्या, हालचाली घडवणाऱ्या प्रेरक पट्ट्यातून निघते. भावनेचं हसू मेंदूच्या आतल्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून वेगळ्या वाटेने येतं. पक्षाघाताने प्रेरक पट्टा एका बाजूला निकामी झालेल्या रुग्णाला “दात दाखवा” म्हटलं की तोंड एकीकडेच ओढलं जातं. त्यालाच विनोद सांगितला तर दोन्ही कोपरे वर जाऊ शकतात. उलट, काही रुग्णांना सांगितल्यावर सरळ हसता येतं, पण हसू आपसूक आलं की ते वाकडं येतं. वेगातही फरक पडतो: आपसूक आलेलं हसू हळूहळू चढतं आणि हळूहळू ओसरतं, ठरवून आणलेलं चटकन लागतं आणि चटकन विझतं.

पण म्हणून डोळ्यांच्या सुरकुत्या बघून खोटं पकडू म्हणाल तर फसाल. बऱ्याच लोकांना त्या सुरकुत्या मुद्दामही आणता येतात. भुवयांवरून स्वभाव सांगणारं मुखसामुद्रिक तर याहून पोकळ.

शिवाय आपण समजतो तितकं कुणी आपल्याकडे बघतही नसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला. सदऱ्यावर जीरावन सांडलं तर हे आठवा.

खरी फजिती होते दारात. शेटलंडच्या हॉटेलात गॉफमन यांना स्वयंपाकघराच्या दारावरून ओढाताण दिसली: ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या मोलकरणींना दार उघडं हवं, मालकांना बंद, कारण आतली तऱ्हा पाहुण्यांना दिसायला नको. आपल्याकडे तिथे बहुधा पडदा असतो, आणि पडदा नजर अडवतो, आवाज नाही. आतून “अगं, दूध नासलं!” ऐकू आलं की बाहेर क्षणभर शांतता पडते आणि कुणीतरी यंदाच्या उकाड्याचा विषय काढतं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. छाप सांभाळण्याचं काम आता पाहुण्यांनी अंगावर घेतलेलं असतं. यात एकच धोका, घरातलं पाच वर्षांचं पोर. ते बाहेर येऊन सगळं नीट समजावून सांगतं. मग काकू चहा आणतात, तो कोरा असतो, आणि “आम्हाला कोराच आवडतो” हे तीन पाहुणे एकदम म्हणतात.