मध्ययुगीन वेल्सवरची कादंबरी वाचायला नेताना
(वाचनालयाच्या सभासदांसाठी)

या कपाटातली पुस्तकं अर्धवट वाचून परत येतात, ती बहुधा इंग्रजी जड गेल्यामुळे नव्हे. कोण कोणाचा कोण, हे कळत नाही म्हणून.

आधी कथेचं साल बघा. ग्विनेद या उत्तर वेल्समधल्या राज्याचा राजा ओवेन ग्विनेद (मृत्यू ११७०) बाराव्या शतकातला, ओवेन ग्लिनडूरचं इंग्रजांविरुद्धचं बंड १४०० चं. आमच्याकडची बरीच पुस्तकं मात्र तेराव्या शतकातली आहेत आणि खरा गोंधळ तिथेच. ल्हवेलिन दोन आहेत: आजोबा ल्हवेलिन अब योरवर्थ (मृत्यू १२४०) आणि नातू ल्हवेलिन अप ग्रिफिद (१२८२ मध्ये ठार). आजोबांचे मुलगे ग्रिफिद आणि डाविद, आणि नातवाच्या भावाचं नाव पुन्हा डाविदच! एका कार्डावर तीन पिढ्या तीन ओळींत लिहा आणि तेच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. 'अप' किंवा 'अब' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वेर्ख' म्हणजे मुलगी. पुस्तकातली वंशावळ शक्यतो आधी उघडू नका. तिथे मृत्यूची सालं असतात, उत्सुकता संपते.

नावं वाचताना डबल डी म्हणजे मऊ 'द', एकटा एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ', सी कायम 'क'. डबल एलसाठी जीभ 'ल'च्या जागी टेकवून कडेने नुसती हवा सोडायची. नाही जमलं तर सरळ 'ल' म्हणा, पण शेवटपर्यंत एकच उच्चार धरा.

कथानकाचं मूळ भाऊबंदकीत आहे. वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई, आणि बापाने आपला म्हटलेला अनौरस मुलगाही वाटेकरी असे. राज्याचे तुकडे होऊ नयेत म्हणून आजोबांनी थोरल्या पण अनौरस ग्रिफिदला डावलून डाविदला वारस नेमलं. डाविदची आई जोन ही इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी. गंमत म्हणजे तीही अनौरसच. १२२६ मध्ये पोपकडून तिला औरस ठरवून घ्यावं लागलं. हे माहीत नसेल तर ग्रिफिद नुसता हेकट वाटतो. जुन्या कायद्याने पाहिलं तर त्याची तक्रार रास्त होती.

नकाशात वायव्येचं अँगलसी बेट शोधून ठेवा. ल्हवेलिनांच्या ग्विनेद राज्याचं धान्य तिथून येई. १२७७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्याने बेट घेऊन उभं पीक कापून नेलं, आणि डोंगरात सुरक्षित असलेल्या नातू ल्हवेलिनला तह करावा लागला. एवढं लक्षात असलं की लढाई न हरता माघार का, हा प्रश्न पडत नाही.

मोबाइलवर किल्ल्यांचे फोटो बघत वाचणाऱ्यांसाठी: कॉनवी, कायरनार्वन, हारलेख हे तिन्ही किल्ले एडवर्डने वेल्स जिंकल्यावर, १२८३ पासून बांधायला घेतले. ल्हवेलिनांच्या काळासाठी डोल्विदेलान आणि डोलबादार्न बघा. आकाराने लहान आहेत, पण वेल्श राजांचे स्वतःचे.

मालिकेतलं पुस्तक असेल तर पहिला खंड संपत आला की पुढचा सांगून ठेवा. मधे खंड पडला की नावं पुन्हा पहिल्यापासून पाठ करावी लागतात.