एच-१बी: कंपनीच्या सहीमागचा इतिहास

अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी उमेदवार अर्ज करत नाही, कंपनी करते. आय-१२९ या फॉर्मवर (हीच पिटिशन, इमिग्रेशन खात्याकडचा अर्ज) अर्जदार म्हणून कंपनीचं नाव असतं आणि मंजुरी मिळते ती त्या कंपनीपुरती, त्या पदापुरती. नोकरी बदलली की नव्या कंपनीची नवी पिटिशन. ही चौकट १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यापासूनची. तेव्हाचा एच-१ विशेष गुणवत्तेच्या लोकांसाठी होता, आणि माणसाबरोबर कामही तात्पुरतं असावं लागे. १९७० मध्ये कामावरची ती अट गेली. कायमच्या पदावर तात्पुरता परदेशी माणूस चालू लागला, आणि पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

१९९० च्या कायद्यानं एच-१बी वेगळा काढला. पदाला त्या विषयातली किमान पदवी लागावी, मुक्काम जास्तीत जास्त सहा वर्षं, वर्षाला ६५,००० जागा. त्याहून महत्त्वाची भर म्हणजे श्रम खात्याकडे आधी भरायचा एलसीए (लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन), म्हणजे पगार-परिस्थितीचा हमी-अर्ज. त्यात कंपनी लिहून देते की त्याच कामासाठी आपण इतरांना देतो तो पगार किंवा त्या भागातला प्रचलित पगार, यातला जो जास्त तो देऊ. इतरांच्या कामाच्या परिस्थितीवर परिणाम होऊ देणार नाही. तिथे संप वा टाळेबंदी नाही. आणि याची नोटीस कामाच्या ठिकाणी लावली आहे.

खातं हा अर्ज सात कामकाजी दिवसांत पाहतं, पण पाहतं म्हणजे रकाने पूर्ण आहेत का आणि उघड चूक नाही ना, एवढंच. खरी तपासणी तक्रार आल्यावर. म्हणून दोन ठिकाणी दहा दिवस लावायची नोटीस (तिच्यावर पगाराचा आकडाही असतो) आणि एलसीए भरल्यावर एका कामकाजी दिवसात तयार ठेवायची, कोणीही मागितली तर दाखवायची फाइल, या दोन्हींना महत्त्व आहे. माणूस क्लायंटकडे बसणार असेल तर नोटीस क्लायंटच्या जागेवर लागते. नेमकी तीच राहून जाते, कारण क्लायंटला ती भिंतीवर नको असते. नव्या कंपनीचा पहिला एलसीए बहुधा आणखी साध्या कारणानं परत येतो: तिचा करक्रमांक खात्याकडे पडताळून घेतलेला नसतो.

१९९७ या आर्थिक वर्षात ६५,००० चा आकडा पहिल्यांदा संपला. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा सुधारण्याच्या, गडबडीत मुंबई-पुण्याचे इंजिनीअर तुकड्या-तुकड्यांनी अमेरिकेत ऑनसाइट जात होते. काम नसलं की एजन्सी त्यांना बिनपगारी बेंचवर बसवायची. १९९८ च्या कायद्यानं मर्यादा तात्पुरती १,१५,००० केली आणि बदल्यात बेंचचा पगार सक्तीचा केला. माणूस देशात आल्यापासून ३० दिवसांत, किंवा आधीच तिथे असेल तर व्हिसाचा दर्जा (स्टेटस) बदलल्यापासून ६० दिवसांत, काम असो नसो, पगार सुरू. कामावरून काढायचं तर तीन गोष्टी लागतात: माणसाला कळवणं, इमिग्रेशन खात्याला कळवणं आणि परतीच्या प्रवासाचा खर्च देऊ करणं. दुसरी राहिली तर पगाराची थकबाकी चढतच जाते. राजीनामा त्यानं स्वतः दिला असेल तर मात्र तिकिटाची जबाबदारी नाही.

२००० मध्ये मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० झाली, विद्यापीठं तिच्यातून सुटली. २००४ मध्ये पुन्हा ६५,०००, वर अमेरिकेतली मास्टर्स पदवी असलेल्यांसाठी २०,०००. एप्रिल २००७ मध्ये अर्ज घेण्याच्या पहिल्याच दिवशी नेहमीचा कोटा भरला आणि लॉटरीशी गाठ पडली.

कामाची जागा बदलली तर काय, हा प्रश्न २०१५ मध्ये सिमिओ सोल्युशन्स या कंपनीच्या प्रकरणातल्या निकालानं मिटवला. पिटिशनवर पत्ता कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, माणूस कामाला कॅमरिलो आणि न्यू जर्सीतल्या होबोकनला. प्रचलित पगार ज्या भागावरून ठरतो तो भाग बदलला म्हणजे एलसीए बदलला, म्हणून सुधारित पिटिशन हवी, असं ठरलं. नवा पत्ता त्याच महानगर क्षेत्रात असेल तर नुसती नोटीस पुरते. घरून काम सुरू झाल्यावर हा नियम अनेकांना नव्यानं शिकावा लागला, कारण घर हीसुद्धा कामाची जागा.

२०२० पासून पूर्ण अर्जाऐवजी आधी १० डॉलरची ऑनलाइन नोंदणी आली. स्वस्त झाल्यावर व्हायचं तेच झालं: २०२४ या आर्थिक वर्षासाठी साडेसात लाखांवर पात्र नोंदण्या आल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाहून अधिक कंपन्यांनी नोंदवलेल्या उमेदवारांच्या. पुढच्या वर्षापासून निवड नोंदणीची नव्हे, पासपोर्टवरून माणसाची होऊ लागली, संख्या ४.७ लाखांवर उतरली. नंतर शुल्कही २१५ डॉलर झालं.

सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानं देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर लावले. अमेरिकेतच शिकून दर्जा बदलणाऱ्यांना आणि मुदतवाढीला ते लागू नाहीत. फेब्रुवारी २०२६ पासून लॉटरीही वजनी झाली. २००४ च्या कायद्यानं प्रचलित पगाराच्या चार पायऱ्या करायला लावल्या होत्या, त्याच आता मोजल्या जातात: चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, पायरीला चार चिठ्ठ्या, पहिलीला एक. त्यामुळे पूर्वी एलसीएच्या वेळी ठरणारा पगार आता मार्चच्या नोंदणीआधीच पक्का करावा लागतो. एकाच माणसासाठी दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या पायऱ्या दाखवल्या तर खालची धरतात, आणि निवडीनंतर पिटिशनमध्ये पगार उतरवला तर ती नाकारली जाऊ शकते.