फरशी क्रमांक २१४७४८३६५३

१९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधला ढग आणि झुडूप शेजारी ठेवून बघा. आकार एकच, रंग तेवढा वेगळा. निन्टेन्डोच्या त्या यंत्रात पडदा म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या ९६० फरशा (टाइल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायची छोटी चौकोनी चित्रं), आणि प्रत्येक जागी साठवलेला असतो फक्त फरशीचा क्रमांक, एका बाइटचा. तोच पडदा ठिपक्या-ठिपक्याने साठवायचा, तर नुसत्या चार रंगांनाही १५,३६० बाइट लागले असते.

आज मेमरीची चणचण नाही. तरी घरी गेम बनवणारा फरशांकडेच वळतो, कारण वीस-पंचवीस फरशा रंगवल्या की अख्खं गाव उभं राहतं. आकड्यांची ही जाळी हाताने टाइप करणं एका खोलीपुरतं जमतं. पुढे एडिटर लागतोच, म्हणजे फरशा मांडून नकाशा बनवायचा आणि तो फाइलमध्ये सेव्ह करायचा प्रोग्राम.

तो निवडताना बटणं नंतर बघा, आधी त्याने सेव्ह केलेली फाइल उघडा. तुमचा गेम तीच वाचणार आहे. 'टाइल्ड' हा मोफत एडिटर शून्य म्हणजे रिकामी जागा मानतो आणि क्रमांक एकपासून सुरू करतो. पाचव्या क्रमांकाची फरशी आडवी उलटवली, की फाइलमध्ये २१४७४८३६५३ दिसतं! फाइल बिघडलेली नसते. क्रमांक साठवणाऱ्या बत्तीस बिटांतला (शून्य-एकच्या जागांतला) सगळ्यात वरचा बिट 'उलटी' ही खूण म्हणून वापरलाय. तो काढला की पाच उरतात. हे ठाऊक नसलं, तर नवशिक्याची संध्याकाळ यातच जाते.

दुसरी पारख काठांची. गवताला तळं भिडतं तिथे कुठली फरशी बसवायची, हे एडिटरनेच ठरवावं. चार बाजूंचे शेजारी पाहिले तर १६ शक्यता, आठ पाहिले तर २५६. पण कोपऱ्यातल्या शेजाऱ्याला अर्थ असतो तो त्याच्या लगतच्या दोन्ही बाजू भरलेल्या असतील तेव्हाच. ही अट लावली की २५६ चे ४७ होतात. सत्तेचाळीस फरशा एक माणूस रंगवू शकतो, हे मला फार सुंदर वाटतं.

काठांचं हे काम टाइल्ड करतोच, पण मला 'एलडीटीके' जास्त भावतो. 'डेड सेल्स' या गेमवर काम केलेल्या सेबास्तियाँ बेनार यांचा हा एडिटर, तोही मोफत. त्यात तुम्ही फक्त 'इथे भिंत' एवढं रंगवता, फरशा नियमांनुसार आपोआप बसतात, आणि खेळाडू कुठे अडेल हेही त्याच जाळीवरून कळतं. मात्र तिरका किंवा षटकोनी नकाशा हवा असेल तर टाइल्डच घ्या. गेम बनवायचं 'गोडो' हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात नकाशाची सोय आहेच, वेगळा एडिटर शोधू नका.

ठरत नसेल तर दहा बाय दहाची एक खोली करा. एक दार, एक उलटी फरशी, खेळाडूची सुरुवातीची जागा. सेव्ह करा आणि ती फाइल वाचणारा कोड स्वतः लिहून बघा. ज्या एडिटरची खोली पहिल्या दिवशीच पडद्यावर उमटली, तो तुमचा.