खाडीवरचा पूल आणि सरासरीचा हिशेब

दाभोळच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे धोपावे दिसतं. मध्ये वाशिष्ठीची खाडी. बोट चुकली तर पुढच्या फेरीची वाट बघायची, नाहीतर चिपळूणमार्गे लांबचा वळसा घ्यायचा. अशा जागी पूल बांधून त्यावरून एसटी सोडणं परवडेल का, हे सरकार ठरवतं कसं? एका बाजूला खर्च मांडतात, दुसऱ्या बाजूला पुढच्या काही दशकांतले फायदे. त्यात बहुतेक वेळा सगळ्यात मोठा आकडा असतो वाचलेल्या वेळेचा: वाचलेले तास गुणिले तासाचा दर.

या हिशेबाचं मूळ जुनं आहे. पुलाचा समाजाला होणारा फायदा टोलच्या गल्ल्यावरून कळत नाही, हे ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्येच मांडलं. टोल भरणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याहून जास्तही दिले असते. तो वरचा फायदा गल्ल्यात दिसत नाही.

समजा, आज वाट बघण्यासकट पलीकडे जायला ६० मिनिटं लागतात आणि पुलावरून १५ लागतील. रोज जाणाऱ्याची ४५ मिनिटं वाचली, हे सरळच. पण आज जातच नाहीत त्यांचं काय? ५० मिनिटांत पोचता आलं तरच माहेरी फेरी मारणारी एखादी बाई असेल, तिचा फायदा ३५ मिनिटांचा. २० मिनिटांच्या वर लागणार असतील तर घरीच बसणारे एखादे आजोबा असतील, त्यांचा फक्त ५ मिनिटांचा. असे लोक १५ ते ६० च्या मध्ये सारखे पसरलेले धरले, तर नव्या प्रवाशाचा सरासरी फायदा जुन्याच्या निम्मा निघतो. जगभरचे वाहतूक अर्थतज्ज्ञ हा निम्म्याचा नियम वापरतात. नियम सोपा आहे, अवघड आहे ती नव्या प्रवाशांची मोजणी. बोटीच्या तिकिटांत ते सापडणारच नाहीत. त्यासाठी वाडीवाडीत जाऊन विचारावं लागतं.

तासाच्या दराचंही तसंच. तो कमाईवरून काढला, तर तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या मजूर बाईचा तास मोटारीतल्या पर्यटकाच्या तासापेक्षा स्वस्त ठरतो. ब्रिटनमध्ये कामाखेरीजच्या प्रवासाचा दर प्रवाशाच्या उत्पन्नावरून ठरवत नाहीत, गरीब-श्रीमंत सगळ्यांना तो सारखाच लावतात. मला ते पटतं.

आता भरवशाचं बघू. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते आणि गाड्या हळू चालवते, ते दरडींच्या धास्तीने. समजा, एका मार्गाने रोज ९० मिनिटंच लागतात. दुसऱ्याने चारातल्या तीन वेळा ७० आणि एकदा १५०. सरासरी दोन्हीकडे ९०! कागदावर दोन्ही मार्ग सारखे, पण ज्याची कोर्टात तारीख आहे त्याला दुसऱ्या मार्गाने जायचं तर अडीच तास आधीच घर सोडावं लागतं. हा हाताशी ठेवलेला जादा तास सरासरीत उमटत नाही. म्हणून प्रकल्पाच्या अहवालात सरासरीच्या शेजारी वाईटातल्या वाईट दिवसांचा आकडाही हवा. पावसाळा हा कोकणात अपवाद नाही, वर्षाचा तिसरा हिस्सा आहे.

रेल्वेच्या प्रवाशांचे अंदाज चुकतात ते बहुतेक एकाच दिशेने. बेंट फ्लुबियर्ग हा डॅनिश संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले वाहतुकीचे २१० प्रकल्प तपासले. रेल्वेच्या दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवासी वाजवीपेक्षा जास्त धरलेले निघाले; प्रत्यक्षात आले ते सरासरी अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास. यावर उपाय असा, की आपल्या प्रकल्पाचं कौतुक बाजूला ठेवून तशाच जुन्या प्रकल्पांचं काय झालं ते आधी बघायचं आणि आकडे त्या प्रमाणात दुरुस्त करायचे. ब्रिटनने खर्चाच्या अंदाजांना हे लागू केलं.

त्यासाठी जुन्यांची नोंद मात्र हवी. फ्रान्समध्ये १९८२ च्या कायद्याने मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत प्रत्यक्ष परिणाम तपासून अहवाल जाहीर करणं बंधनकारक झालं. आपल्याकडे सुरुवात कोकण रेल्वेच्या रोहा–वीर या सुमारे ४७ किलोमीटरच्या टप्प्यापासून करता येईल. त्याचं दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. पूर्वी क्रॉसिंगसाठी गाड्या किती वेळ खोळंबायच्या, आता किती खोळंबतात, आणि वाचलेली मिनिटं पुढच्या एकेरी मार्गावर पुन्हा खर्ची पडतात का, एवढं तरी काढून जाहीर करावं.