दूतावासाचे आपत्कालीन साहाय्य

परदेशात पासपोर्ट हरवला, अपघात किंवा अटक झाली, सोबतचे कोणी दगावले किंवा युद्ध पेटले, तर तिथल्या भारतीय वकिलातीकडून नागरिकाला मिळणारी मदत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा राष्ट्रकुलातील देशांत वकिलातीला उच्चायोग म्हणतात. राजधानीबाहेर वाणिज्य दूतावास असतात. इंदूरहून दुबईला गेलेल्याचे काम राजधानी अबू धाबीला नव्हे, दुबईतच होते.

सर्वांत नेहमीचे प्रकरण हरवलेल्या पासपोर्टचे. स्थानिक पोलिसांत तक्रार, तिची प्रत, फोटो आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स दिली की आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. ते फक्त भारतात परतण्यापुरते चालते. चार देशांच्या सहलीत दुसऱ्याच देशात पासपोर्ट गेला, तर पुढची सहल बहुधा सोडावीच लागते.

अटकेत वाणिज्य दूतावासांविषयीचा 1963चा व्हिएन्ना करार कामी येतो. त्याच्या कलम 36 नुसार, अटक झालेल्याने मागणी केल्यास पोलिसांनी वकिलातीला विनाविलंब कळवायचे असते, आणि हा हक्क त्याला सांगायचाही असतो. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै 2019 मध्ये ठरवले. मात्र वकिलातीचा अधिकारी तुरुंगात भेटतो, वकिलांची यादी देतो. सोडवून आणत नाही. हॉस्पिटलचे बिलही वकिलात सहसा भरत नाही. 2009 पासूनचा भारतीय समुदाय कल्याण निधी खरोखर निराधार झालेल्यांसाठी आहे. विमा न काढता निघालेल्या खात्यापित्या प्रवाशाने त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मृत्यू झाल्यास निम्मी धावपळ घरच्यांची असते. मृत्यूचा दाखला, पोलिसांची हरकत नसल्याचे पत्र, शवलेपनाचा दाखला आणि रद्द केलेला पासपोर्ट जमल्यावर वकिलात परवानगी देते. पार्थिव आणायचे की तिथेच अंत्यसंस्कार करायचे, याचे संमतिपत्र इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामा नगरातल्या नातलगांनाच पाठवावे लागते. फोन लागत नसेल, तर 2015 पासून चालू असलेल्या ‘मदद’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते.

युद्धकाळातही वकिलातीची गाडी दारात येतेच असे नाही. 2022 मध्ये युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांसाठी ‘ऑपरेशन गंगा’ची विमाने पोलंड, रुमानिया, हंगेरी आणि स्लोव्हाकियातून सुटली, सीमेपर्यंतची वाट अनेकांना स्वतःच काढावी लागली. परदेशात पोहोचल्याबरोबर वकिलातीत नाव नोंदवणे म्हणून महत्त्वाचे.

कागद नसले म्हणजे नागरिकत्व संपत नाही. लहानपणी पाकिस्तानात पोहोचलेल्या मूकबधिर गीताची भारतीय उच्चायुक्तांनी कराचीत भेट घेतली. ऑक्टोबर 2015 मध्ये ती परतली आणि इंदूरच्या संस्थेत राहिली. तिचे कुटुंब मराठवाड्यातले असल्याचे 2021 मध्ये समोर आले. उलट, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले, तरी परक्या देशात त्यांना त्या नव्या नागरिकत्वाच्याच देशाची वकिलात गाठावी लागते. आजी-आजोबा भारतीय आणि नातवंडे अमेरिकन, अशा एकाच सहलीतल्या घरालाही दोन वकिलातींचे नंबर जवळ ठेवावे लागतात.