द्विमार्गी सशर्त विधान

द्विमार्गी सशर्त विधान : (जर–तर–नाहीतर विधान, इफ–एल्स). अट तपासून ती खरी असल्यास एक आणि खोटी असल्यास दुसरा, अशा दोन आज्ञासमूहांपैकी नेमका एकच अमलात आणणारी संगणक-आज्ञावलीतील रचना. क्रम, निवड व पुनरावृत्ती या तीन मूलभूत नियंत्रण-रचनांपैकी ही निवडीची रचना होय. या तिघींच्या आधारे कोणतीही गणनयोग्य प्रक्रिया मांडता येते, हे कोराडो बोम व ज्युझेप्पे याकोपीनी यांनी १९६६ मध्ये दाखवले. प्राथमिक अभ्यासक्रमात चल आणि तुलनाचिन्हे झाल्यावर, बहुधा लूपच्या (पुनरावृत्तीच्या रचनेच्या) आधी, ती शिकवतात.

एकमार्गी जर–तरमध्ये अट खोटी ठरली तर काहीच न करता नियंत्रण (आज्ञा पार पाडण्याचा ओघ) पुढे सरकते. द्विमार्गी रचनेत खोट्या अटीच्या वाट्यालाही स्वतःचे काम येते. अट तपासली जाते ती नियंत्रण त्या ओळीवर पोहोचते त्या क्षणी आणि एकदाच. निवडलेला भाग संपल्यावर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी मिळतात.

उगम : या रचनेचे जनकत्व कोणाकडे जाते याविषयी एकमत नाही. परिणामानुसार पुढची आज्ञा बदलण्याची कल्पना चार्ल्स बॅबेज यांच्या वैश्लेषिक यंत्राच्या आराखड्यातच, म्हणजे एकोणिसाव्या शतकात आढळते. मात्र ते यंत्र पूर्ण झाले नाही. कोनराड त्सूझ यांच्या झेड-३ यंत्रात (१९४१) सशर्त उडीची, म्हणजे अटीनुसार मधल्या आज्ञा वगळून दुसऱ्याच आज्ञेकडे जाण्याची, आज्ञाच नव्हती. त्यांनी सुमारे १९४५ पर्यंत रचलेल्या प्लांकाल्क्यूल या भाषेत सशर्त विधान आहे, पण ‘नाहीतर’चा भाग नाही, शिवाय भाषेचा पूर्ण तपशील १९७२ मध्ये प्रसिद्ध झाल्याने तिचा पुढील भाषांवर फारसा प्रभाव पडला नसावा. फोरट्रान या संगणकभाषेच्या पहिल्या आवृत्तीतील (१९५७) अंकगणिती इफ हे त्रिमार्गी होते : पदावलीची किंमत ऋण, शून्य वा धन असेल त्यानुसार ते तीनपैकी एका क्रमांकाच्या ओळीकडे नियंत्रण पाठवी. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेमध्ये तुलनेनंतर ‘अदरवाइज’ असा उरलेला पर्याय येतो. काही लेखक त्यालाच ‘एल्स’चा पूर्वज मानतात, पण तेथेही प्रत्येक पर्यायाअंती उडीच आहे. दोन आज्ञासमूह शेजारी ठेवून त्यांतून निवड करणे ही वेगळी गोष्ट होय.

त्यामुळे लिस्प भाषेचे कर्ते जॉन मॅकार्थी यांच्याकडे श्रेय देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मॅकार्थी यांच्या आठवणीनुसार १९५७–५८ च्या सुमारास बुद्धिबळातील नियमबद्ध खेळ्यांची आज्ञावली फोरट्रानमध्ये लिहिताना त्यांनी एक्सआयएफ नावाचे फलन केले. पहिल्या घटकाच्या किमतीनुसार ते दुसरा किंवा तिसरा घटक परत देई. त्यात एक दोष होता : वापरायचा एकच असला तरी दोन्ही घटकांची किंमत आधी काढली जाई. त्यात वेळ वाया जाई, आणि स्वतःलाच बोलावणाऱ्या फलनात तर हा हिशेब कधी संपलाच नसता. लागेल तेवढ्याच भागाची किंमत काढणारी सशर्त पदावली त्यातून सुचली. ती लिस्प भाषेत आली आणि अल्गोल ६० या भाषेमध्ये इफ–देन–एल्स या परिचित रूपात स्थिरावली. फोरट्रानच्या प्रमाणित रूपात मात्र ‘एल्स’ यायला फोरट्रान ७७ ची वाट पाहावी लागली.

लोंबता एल्स : एकात एक दोन ‘जर’ आणि ‘नाहीतर’ एकच, असे असल्यास तो कोणत्या ‘जर’चा? अल्गोल ६० मध्ये ‘देन’नंतर थेट दुसरे इफ लिहिण्यास मुळातच मनाई होती, पण मधल्या ‘फॉर’ विधानाच्या आडून ही संदिग्धता मूळ व्याकरणात शिरली, आणि १९६३ च्या सुधारित अहवालात ती दूर करावी लागली. पास्कल, सी व जावा यांत एल्स सर्वांत जवळच्या, अजून एल्स न मिळालेल्या इफशी जोडला जातो. अल्गोल ६८ ने प्रत्येक इफला ‘फाय’ हा शेवट दिला. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेला समासच (इंडेंटेशन) निर्णय करतो. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलमध्ये (१९६७) एकमार्गी विधानासाठी ‘इफ’ आणि द्विमार्गीसाठी ‘टेस्ट’ असे दोन स्वतंत्र शब्द होते. तेथे प्रश्नच उद्भवत नाही. ही सोय मागे पडली, याचे नवशिक्यांच्या दृष्टीने वाईट वाटते.

अध्ययन : एम. ई. साइम, टी. आर. जी. ग्रीन व डी. जे. गेस्ट यांच्या १९७३ मधील प्रयोगात प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांना उड्यांच्या रचनेपेक्षा एकात एक बसवलेली जर–तर–नाहीतर रचना सोपी गेली. दुसरीकडे, लान्स मिलर यांच्या अभ्यासात (१९८१) रोजच्या भाषेत कृती लिहून देणाऱ्यांनी ‘नाहीतर’चा भाग क्वचितच लिहिला, अट न जुळल्यास काय करायचे ते वाचणाऱ्यावर सोपवलेले होते. संगणकाला असे गृहीत धरता येत नाही, आणि शिकणाऱ्याची पहिली अडचण बहुधा येथेच असते. रॉय पी यांनी १९८६ मध्ये नोंदवलेला गैरसमज याहून खोल आहे : वर लिहिलेली अट पुढे केव्हाही खरी झाली तरी संगणक तिची दखल घेईल, असे विद्यार्थी धरून चालतात.

‘नाहीतर’ऐवजी उलट अटीचे दुसरे ‘जर’ लिहिणे ही नेहमीची चूक. उदा., संख्या सम असल्यास निम्मी करणे, विषम असल्यास तिप्पट करून १ मिळवणे. दोन सुट्या ‘जर’ विधानांनी ६ वर हे केले, तर पहिल्याने ३ मिळतात आणि ३ विषम असल्याने दुसरे त्याचे १० करते. अपेक्षित उत्तर ३ होते. ४ किंवा ८ घेऊन तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. उलट अट लिहिताना सीमेवरची किंमतही निसटते : ‘१० पेक्षा जास्त’च्या विरुद्ध ‘१० पेक्षा कमी’ लिहिले की खुद्द १० दोन्हींतून सुटतो.

बाकी चुका भाषेगणिक बदलतात. सी भाषेत तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी एकेरी चिन्ह लिहिले तर ते मूल्यप्रदान (चलात किंमत ठेवणे) ठरते आणि आज्ञावली मुकाट चालते. पायथन तेथे व्याकरणदोष दाखवतो. सीमध्येच अटीच्या कंसानंतर चुकून अर्धविराम पडला तर एकमार्गी विधानात तो लपून राहतो, द्विमार्गीत मात्र एल्स एकटा पडल्याने कंपायलर (आज्ञावलीचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लगेच अडतो. चाचणीसाठी दोन्ही वाटांतून जाणारा प्रत्येकी एक नमुना आणि सीमेवरची किंमत घेण्याची पद्धत रूढ आहे.