मनसरचं मँगनीज आणि समुद्रतळाची वाटणी

समुद्राच्या तळाशी खाणकाम करायचं तर भारतात परवान्याचा अर्ज कुठे करायचा? मुंबई, कोची, विशाखापट्टणम अशी नावं चटकन मनात येतात. आपल्या सागरी हद्दीतल्या खनिजांसाठी भारताने २००२ साली स्वतंत्र कायदा केला. २०१० मध्ये त्याखाली परवाने देण्याचे अधिकार इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या महानियंत्रकांकडे सोपवले गेले आणि त्यांचं कार्यालय आहे नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या इंदिरा भवनात. कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र दिसायला एक रात्र गाडीत काढावी लागते, अशा शहरात! सरकारी कारभारातली ही गंमत असली तरी तिच्यात अर्थ आहे. खाणींचा कारभार नागपुरातून चालतो आणि मँगनीजशी तर या शहराचं नातं शंभर वर्षांहून जुनं आहे. खोल समुद्रतळाच्या मालकीचा वादही मँगनीजपासूनच सुरू झाला.

आधी हद्दी पाहू. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंतचा (एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) समुद्र म्हणजे त्या देशाचाच प्रदेश. २०० मैलांपर्यंतचे मासे, तेल, वायू, खनिजं यांवर त्याचा हक्क. खंडाचा पाण्याखालचा उतार त्याहून लांब पसरला असेल तर तळावरचा हक्क बहुतेक ठिकाणी ३५० मैलांपर्यंत नेता येतो. ही मांडणी संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातली.

शेजारी देशांमध्ये समुद्रात रेषा आखता येते, पण खालच्या तेल-वायूला ती कळत नाही. सच्छिद्र खडकातून वायू दाब कमी असेल तिकडे सरकतो. रेषेच्या अलीकडे विहीर पाडली की पलीकडचा वायूही हळूहळू अलीकडे येतो, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. भारत आणि श्रीलंका यांच्यातला १९७४ चा करार आपल्याला श्रीलंकेकडे गेलेल्या कच्चथीवू बेटापुरता माहीत आहे. निवडणूक आली की ते बेट आठवतं. त्याच करारात एक कलम असंही आहे की, तेल-वायूचा एकच साठा रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला सापडला, तर तो कसा काढायचा आणि उत्पन्न कसं वाटायचं यावर दोन्ही देशांनी सहमतीचा प्रयत्न करावा. ब्रिटन आणि नॉर्वे यांनी उत्तर समुद्रातल्या फ्रिग वायूक्षेत्राबाबत हे प्रत्यक्षात करून दाखवलं. १९७६ च्या करारानुसार साठ्यातला ६०.८२ टक्के वायू नॉर्वेचा आणि ३९.१८ टक्के ब्रिटनचा ठरला. दशांश चिन्हानंतरचे आकडेही लिहून ठेवायला दोन चांगले शेजारी लाजत नाहीत, हे मला फार आवडतं.

पण जिथे शेजारीच नाही तिथलं काय? सगळ्या देशांच्या हद्दी संपल्यानंतर उरतो तो खोल समुद्राचा तळ. चार ते सहा किलोमीटर खोल, काळोखा, थंड, गाळाने झाकलेला. त्या गाळावर मुठीत मावतील असे काळे गोटे पसरलेले आहेत. १८७० च्या दशकात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने ते वर काढले. मँगनीज आणि लोखंडाचे थर एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याभोवती किंवा शार्कच्या दाताभोवती साचत जातात. त्यात निकेल, तांबं आणि कोबाल्टही असतं. वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

नागपूरहून जबलपूर रस्त्याला लागलं की मनसर आणि कांद्रीच्या खाणी येतात. तिथलं मँगनीजही मुळात समुद्राचंच. पृथ्वीवर प्राणी जन्मण्याच्याही आधी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ साचला, पुढे दाब आणि उष्णतेखाली त्याचा खडक झाला. तिथल्या एका खडकाला भूवैज्ञानिक ‘गोंडाइट’ म्हणतात. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीने हा पट्टा उपसायला घेतला. १९६२ साली तिच्या जागी मॉयल ही आजची सरकारी कंपनी आली. तिचं मुख्यालयही नागपुरातच. पोलादातला गंधक आणि प्राणवायू काढून टाकायला आणि त्याला कणखर करायला मँगनीज लागतं, म्हणून ही मागणी कधी आटली नाही.

मात्र इथे खाण आधी आली आणि कायदा फार नंतर. वनसंवर्धनाचा कायदा १९८० चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. तोवर मँगनीजचे डोंगर उपसून पाऊणशे वर्षं उलटली होती. खोल समुद्राबाबत नेमकं उलट घडलं. विक्रीसाठी एक टनही माल निघाला नव्हता तेव्हा मालकी ठरली, कार्यालय उघडलं, नफ्याच्या वाटणीचं तत्त्वही लिहून झालं. खाणकामाच्या इतिहासात अशी उदाहरणं मला तरी फारशी माहीत नाहीत.

सुरुवात झाली १ नोव्हेंबर १९६७ ला. माल्टाचे राजदूत आर्व्हिड पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की, देशांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. नाहीतर यंत्रं आणि पैसा असलेले दोन-चार देश तो वाटून घेतील. भीती खोटी नव्हती, उत्साहही खरा होता. इतका की १९७४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला जहाज पाठवलं, तेव्हा सांगितलं की ते मँगनीजचे गोटे काढायला चाललंय. लोकांचा त्यावर विश्वासही बसला.

पार्दोंचं तत्त्व १९८२ च्या करारात आलं आणि त्यासोबत वाटणीची एक युक्तीही. आपल्याकडे शेताची वाटणी करताना मोठ्या भावाने हिस्से पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं अशी रीत आहे. मोठा आपोआप सारखे हिस्से पाडतो. समुद्रतळावर हाच न्याय. अर्जदाराने स्वतःच्या खर्चाने सर्वेक्षण करून साधारण सारख्या मोलाचे दोन भाग दाखवायचे. त्यातला एक आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाने विकसनशील देशांसाठी किंवा स्वतःच्या उपक्रमासाठी राखून ठेवायचा, दुसरा अर्जदाराला द्यायचा.

भारत या रांगेत अगदी पुढे होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला पहिले गोटे वर काढले. १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या नावावर मध्य हिंद महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र नोंदलं गेलं, आणि तेवढंच राखीव झालं. पुढे नियमाप्रमाणे निम्मं सोडून ७५,००० चौरस किलोमीटर उरलं. सरकारी अंदाजानुसार तिथे ३८ कोटी टन गोटे आहेत आणि त्यात नऊ कोटी टनांहून अधिक मँगनीज.

मग मनसर-बालाघाटच्या खाणींचं काय? समुद्रातून स्वस्त माल आला तर जमिनीवरच्या खाणी बंद पडतील, ही चिंता करार लिहिणाऱ्यांनाही होती. झैरे, झांबिया, गॅबन अशा देशांचं पोटच या धातूंवर होतं. म्हणून १९८२ च्या करारात समुद्रातल्या उत्पादनावर मर्यादा घातली गेली. श्रीमंत देशांना ती आणि तंत्रज्ञान देण्याची सक्ती मुळीच पटली नाही. १९९४ च्या पूरक कराराने दोन्ही काढून टाकलं. बदल्यात, ज्या विकसनशील देशांच्या खाणींना गंभीर फटका बसेल त्यांच्यासाठी आर्थिक मदतीची तरतूद ठेवली. त्याच वर्षी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये प्राधिकरण सुरू झालं. भारताची स्थिती मोठी विचित्र आहे. समुद्रातल्या मँगनीजचा कंत्राटदार तोच आणि जमिनीवरचा उत्पादकही तोच. समुद्रातल्या आपल्याच गोट्यांमुळे बालाघाटच्या खाणीला झळ बसली, तर मदत कोणाकडे मागायची?

नफ्याची चर्चा पन्नास वर्षं झाली, नुकसानीची मात्र बरीच उशिरा. गोटे हे त्या तळावरचं जवळजवळ एकमेव कठीण बस्तान. स्पंज आणि इतर कित्येक जीव त्यांनाच चिकटून राहतात. गोटा उचलला की घर गेलं, आणि नवा यायला लाखो वर्षं. शिवाय यंत्राने उडवलेला गाळ प्रवाहासोबत दूर जातो. पेरूजवळच्या खोल समुद्रात १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तळ मुद्दाम नांगरून पाहिला. २६ वर्षांनी परत गेले तेव्हा चाकोऱ्या तशाच होत्या. गोव्याच्या शास्त्रज्ञांनीही १९९७ मध्ये मध्य हिंद महासागरात तळ ढवळून त्याचे परिणाम तपासले आहेत.

हे नुकसान भरून कोण देणार? हा प्रश्न विचारला नाउरू या चिमुकल्या बेट-देशाने. खासगी कंपनीला तिथे उतरायला एखाद्या देशाचा पाठिंबा लागतो. त्यांच्या पाठिंब्याने एखादी कंपनी उत्खनन करेल आणि घोटाळा झाला तर देशच दिवाळखोर व्हायचा! हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने १ फेब्रुवारी २०११ ला दिलेलं मत म्हणूनच महत्त्वाचं. पाठिंबा देणाऱ्या देशाने योग्य दक्षता घेतलीच पाहिजे: पुरेसे कायदे, पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास आणि शंका असेल तिथे सावधगिरी. गरीब देश म्हणून यात सूट नाही. सूट दिली तर कंपन्या सर्वांत ढिला देश शोधत हिंडतील. पण देशाने दक्षता घेतली, तरीही नुकसान झालं आणि कंपनीकडे पैसे नसले तर? तर ते कोणाच्याच माथी येत नाही. ही फट न्यायाधिकरणाने मान्य केली आणि वेगळा निधी उभारायची सूचना केली. भारताच्या क्षेत्रात निदान एक गोष्ट साफ आहे: तिथे कंत्राटदार खुद्द केंद्र सरकार, त्यामुळे मधल्या कंपनीच्या आड लपायची सोय नाही.

उत्खननाच्या नियमावलीचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. नाउरूने २०२१ मध्ये दोन वर्षांत नियम पूर्ण करा असं सांगणाऱ्या कलमाचा आधार घेतला. मुदत उलटली, नियम झाले नाहीत. करारात कधीच सामील न झालेल्या अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःच्या १९८० च्या कायद्याने परवाने देण्याची तयारी सुरू केली. आपल्याकडे समुद्रतळावर चालणारं ‘वराह’ हे खाणयंत्र २०२१ मध्येच ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिलेलं आहे, म्हणजे घाई करायला आपल्यालाही निमित्त आहे. भारताचा मूळ करार २००२ चा, दोनदा वाढवलेला. त्याची मुदत मार्च २०२७ पर्यंत. तोवर नियम झाले नाहीत तर पुन्हा वाढ मागावी लागेल, आणि माझ्या मते त्यात काही बिघडत नाही. गोटे कुठे पळून जात नाहीत. मिळालेल्या वर्षांत त्या तळावरच्या जिवांची नोंद पूर्ण करता येईल, आणि भरपाईचा निधी पहिला गोटा उचलण्याआधी उभा करायचा की नंतर, हे किंग्स्टनमध्ये ठरवून घेता येईल.